जुनं चावीचं घड्याळ विकत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचएमटीची जनता आणि पायलट, फेवर-ल्यूबाचं सी किंग, वेस्ट एंडचं सोवार प्रिमा ही जुनी घड्याळं आता शोरूममध्ये मिळत नाहीत. ती मिळतात जुन्या घड्याळांचाच व्यवसाय करणाऱ्या मोजक्या घड्याळजींकडे, जुन्या बाजारात आणि ऑनलाइन. त्यांत उत्तम वस्तू आहेत आणि फसवणूकही भरपूर आहे. पैसे मशीनचे आणि मूळ तबकडीचे मोजावेत, चकाकीचे मोजू नयेत, हे आमचं ठाम मत आहे. खालची सगळी उत्तरं त्याच मताला धरून आहेत.

पहिलंच जुनं घड्याळ घ्यायचं आहे. कोणतं घ्यावं?

एचएमटी जनता किंवा पायलट. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. तिथून निघालेलं ०२३१ हे चावीचं मशीन साधं, दणकट आणि दुरुस्तीला सोपं आहे. १७ ज्वेल, तासाला १८,००० ठोके, पूर्ण चावी दिली की दीड दिवसाहून जास्त चाल. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ च्या जानेवारीत झाला, तरी या मशीनचे सुटे भाग अजून सहज मिळतात आणि ते न उघडलेला घड्याळजी सापडणं अवघड.

कांचनसारखं ऑटोमॅटिक दुसऱ्या खेपेला घ्या. त्यात वार-तारखेची यंत्रणा असते, रोटर (हात हलला की फिरून आपोआप चावी देणारं वजन) असतो. भाग जास्त म्हणजे झिजण्याच्या जागाही जास्त, आणि सुटे भाग मिळायला वेळ लागतो. स्विस घड्याळांकडे त्याहून नंतर वळावं. फेवर-ल्यूबा भारतात १८६५ पासून आहे, वेस्ट एंडचं नाव मुंबईत १८८६ पासून. त्यामुळे दोघांचा जुना माल इथे मुबलक आहे, पण खाडाखोडही त्यातच सर्वांत जास्त झालेली आहे.

‘मुंबई स्पेशल’ म्हणजे नेमकं काय?

जगभरचे संग्राहक हा शब्द वापरतात तो भारतात नव्याने रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून विकल्या जाणाऱ्या घड्याळांसाठी. मशीन एका घड्याळाचं, केस म्हणजे बाहेरची पेटी दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे, आणि तबकडी खरवडून तिच्यावर भडक नारिंगी, हिरवा किंवा आकाशी रंग मारून नाव छापलेलं. कधी त्यावर रेल्वेचं किंवा सैन्याचं चिन्ह असतं, कधी मूळ कंपनीने कधीच न बनवलेलं मॉडेलचं नाव.

असं घड्याळ चालतच नाही असं नाही. कमी पैशांत, हौसेने, माहीत असताना घेतलं तर आमची हरकत नाही. अडचण येते ती ‘ओरिजिनल’ म्हणून मूळ घड्याळाची किंमत लावली जाते तेव्हा. शिवाय अशा जोडकामात मशीन केसमध्ये नीट बसलेलं नसतं. ते आत हलतं, चावीचा दांडा तिरका लागतो आणि काही महिन्यांत झिजून निसटतो.

तबकडी मूळ आहे की रंगवलेली, हे घरी कसं ओळखायचं?

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. ट्यूबलाइटखाली बारकावे दिसत नाहीत.

आधी कडेच्या मिनिटांच्या रेघा बघा. मूळ छपाईत साठही रेघा सारख्या जाडीच्या, सारख्या अंतरावर आणि कडांना धारदार असतात. नव्या रंगकामात कुठे शाई पसरलेली दिसते, तर बारा वाजण्याची रेघ मधल्या नावाच्या सरळ रेषेत येत नाही. मग अक्षरं बघा. ‘पॅराशॉक’ (धक्क्यापासून संरक्षण असल्याची खूण) आणि ‘१७ ज्वेल्स’ हे इंग्रजी शब्द मूळ तबकडीवर अगदी बारीक पण सुबक असतात. रंगवलेल्या तबकडीवर ते जाडसर दिसतात, अक्षरांची पोटं शाईने भरलेली असतात. स्विस घड्याळ असेल तर सहाच्या खाली, अगदी कडेला स्विस बनावटीचा शिक्का असतो. तो नसेल, वर सरकलेला असेल किंवा अर्धा केसखाली दडलेला असेल, तर तबकडी बदललेली किंवा रंगवलेली असण्याची दाट शक्यता.

यानंतर तबकडीच्या मधल्या भोकाची कड बघा. ब्रशने किंवा फवाऱ्याने मारलेला रंग तिथे गोळा होऊन फुगीर कड करतो. उठावाचे आकडे किंवा खुणा असतील तर त्यांच्या मुळाशीही रंग साचलेला दिसतो.

वय तबकडीवर दिसणारच. हलका पिवळेपणा, काटे सतत फिरल्याने मधल्या भागाचा बदललेला रंग, एखादा ओलाव्याचा डाग हे सगळं चालतं. पन्नास वर्षांची तबकडी काल छापल्यासारखी दिसत असेल तर विक्रेत्याला कारण विचारा. पायलटची ओळख काळ्या तबकडीवरचे मोठे पांढरे आकडे अशी आहे, म्हणून भडक रंगातला पायलट दिसला की दुप्पट तपासा. देवनागरी आकड्यांच्या ताज्या, चमकदार तबकड्यांबाबतही हेच.

विक्रेता पाठ उघडून दाखवायला तयार नाही. घ्यावं का?

नाही. स्क्रूची पाठ उघडायला चांगल्या घड्याळजीला मिनिटही लागत नाही, दाबाची पाठ त्याहून लवकर निघते. ऑनलाइन घेत असाल तर पाच गोष्टी मागा: तबकडीचा समोरून, सावली न पडता काढलेला फोटो, चावीच्या बाजूचा फोटो, पाठीची आतली बाजू, उघडं मशीन, आणि सेकंद काटा फिरताना एक मिनिटाचा सलग व्हिडिओ. जुन्या घड्याळांत मुरलेले विक्रेते हे न मागताही पाठवतात. ‘मशीन एकदम टॉप कंडिशन’ एवढंच लिहून तबकडीचे सात फोटो टाकणाऱ्याला सोडून द्या.

मशीनच्या फोटोत काय बघायचं?

स्क्रूंची डोकी. चांगल्या हाताने उघडलेल्या मशीनमध्ये स्क्रूच्या खाचा सरळ आणि कडा शाबूत असतात. खाचा कुरतडलेल्या आणि ब्रिजवर (चाकं धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्टीवर) ओरखडे असतील तर चुकीच्या मापाचा पेचकस वापरणारा हात आत फिरून गेला आहे. जो स्क्रू नीट काढत नाही तो हेअरस्प्रिंगही नीट हाताळत नाही.

हेअरस्प्रिंग म्हणजे बॅलन्स व्हीलच्या (मागे-पुढे झोके घेत वेळ राखणाऱ्या चाकाच्या) मधोमध असलेली केसासारखी गुंडाळी. तिचे वेढे एकमेकांपासून सारख्या अंतरावर हवेत. दोन वेढे चिकटलेले असतील तर तेल किंवा चुंबकत्व, आणि एका बाजूला झुकलेले असतील तर ती वाकली आहे. वाकलेली स्प्रिंग सरळ करणं ही फार थोड्यांना जमणारी कला आहे.

ब्रिजवरचा ठसा आणि तबकडीवरचं नाव जुळायला हवं. तबकडीवर एचएमटी असेल तर मशीनवरही एचएमटीच हवं. चावीच्या दांड्याजवळ तांबूस भुकटी दिसली तर पाणी आत गेलंय. थोडा गंज साफ होतो, पण दात असलेल्या चाकांवर खड्डे पडले असतील तर ती चाकं बदलावीच लागतात.

टाइमग्राफरचे आकडे कसे वाचायचे?

टाइमग्राफर हे यंत्र घड्याळाची टिकटिक माइकने ऐकून तीन आकडे देतं. पहिला, घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जातं. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्राची मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद आहे. नीट सर्व्हिस झालेल्या जुन्या चावीच्या घड्याळाकडून आम्ही अधिक-उणे ३० सेकंदांची अपेक्षा ठेवतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद आणि या घड्याळाचे ४,३२,००० ठोके लक्षात घेतले तर हा फरक किती बारीक आहे ते कळेल.

दुसरा आकडा अॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंशांत झोका घेतं. आमच्या लेखी तिन्हींत हाच सर्वांत महत्त्वाचा, आणि विक्रेते नेमका हाच झाकतात. पूर्ण चावी दिल्यावर, तबकडी वर ठेवून २६० ते ३०० अंश असेल तर मशीन निरोगी. २२० च्या खाली असेल तर तेल सुकलंय, मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) थकलीय किंवा चाकांच्या टोकांना झीज आहे. वेळ बरोबर दाखवत असलं तरी असं घड्याळ सर्व्हिसिंगला आलेलंच समजा. वेळ तर रेग्युलेटरचा काटा सरकवूनही जुळवता येते, अॅम्प्लिट्यूड तशी जुळवता येत नाही.

तिसरा, बीट एरर. टिक आणि टॉक यांच्यातला फरक एक मिलिसेकंदाच्या आत असावा.

आकडे किमान दोन स्थितींत मागा: तबकडी वर आणि चावी खाली. एकाच स्थितीतला सुंदर आकडा फारसं काही सांगत नाही.

१७ ज्वेल म्हणजे आत माणकं असतात का? जास्त ज्वेल चांगले का?

असतात, पण कृत्रिम. दागिन्याच्या हिशेबाने त्यांना मोल नाही. धातूवर धातू घासून झिजू नये म्हणून चाकांच्या टोकांना या खड्यांची बैठक देतात. हिशेब असा: बॅलन्सला पाच, पॅलेटला (बॅलन्सला ठोका देणाऱ्या छोट्या भागाला) दोन दातांचे आणि दोन टोकांचे असे चार, एस्केप व्हील, सेकंदाचं चाक, तिसरं चाक आणि मधलं चाक यांना प्रत्येकी दोन. एकूण १७. साध्या चावीच्या घड्याळाला इतके पुरेसे आहेत. ऑटोमॅटिकमध्ये चाकं जास्त म्हणून २१ किंवा २५ असतात. चावीच्या घड्याळावर मोठा आकडा छापलेला दिसला तर पाठ उघडून खडे मोजा.

दुकानात घड्याळ हातात आलं की काय तपासू?

चावी द्या. दात एकसारखे लागल्याचं बोटांना कळायला हवं. मध्येच घसरल्यासारखं वाटलं तर क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) किंवा चाकं झिजली आहेत. चावी संपतच नसेल, नुसती फिरत राहत असेल, तर मेनस्प्रिंग तुटली आहे.

मग चावी बाहेर ओढून काटे फिरवा. थोडा, सारखा विरोध जाणवायला हवा. काटे अगदी सैल फिरत असतील तर मधल्या दांड्यावरची नळी ढिली झालेली असते. अशा घड्याळाचं मशीन बरोबर चालतं, सेकंद काटाही फिरतो, पण मिनिट काटा मागे पडतो. ही खोड टाइमग्राफरवर दिसत नाही आणि दुकानातल्या दहा मिनिटांतही कळत नाही. म्हणून शक्य असेल तर पूर्ण चावी देऊन घड्याळ २४ तास चालवून दाखवायला सांगा.

तास, मिनिट आणि सेकंद काटे एकमेकांना किंवा काचेला कुठे घासत नाहीत ना, हेही बाजूने बघा. रोज ठरावीक जागी थांबणाऱ्या घड्याळांत बहुतेक वेळा एवढंच कारण निघतं.

‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणून विकतात त्यावर विश्वास ठेवावा का?

थोड्या प्रमाणात असा, कधीच न वापरलेला जुना माल खरोखर आहे. पण कारखान्यातून उरलेल्या आणि इकडून-तिकडून जमवलेल्या भागांतून नंतर जोडलेली घड्याळंही याच नावाने विकली जातात. पाठीवरचं मूळ प्लास्टिक, बिल, डबी काहीच नसेल तर जास्त पैसे देऊ नका. आणि खरंच न वापरलेलं असलं तरी आतलं तेल वीस-तीस वर्षांत सुकून चिकट झालेलं असतं. तसंच चालवलं तर न झिजलेलं मशीन तुमच्या मनगटावर झिजेल. घालण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्याच.

पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलंय. म्हणजे केस स्टीलची ना?

नाही. त्याचा अर्थ पाठ तेवढी स्टीलची. वरची केस बहुधा पितळेची आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत आणि घामाने हा मुलामा शिंगांपाशी (पट्टा जिथे अडकतो तिथे) आधी उडतो, खाली हिरवट खड्डे पडतात. खड्डे उथळ असतील तर पुन्हा मुलामा करता येतो. खोल असतील तर भरून घासावं लागतं आणि केसचा मूळ आकार बिघडतो.

सोनेरी घड्याळावर ‘२० मायक्रॉन’ असं कोरलेलं असेल तर ती सोन्याच्या थराची जाडी. मीटरच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रॉन म्हणतात, तेव्हा पॉलिशची चाकी दोन-तीनदा फिरली की कडांवरचं सोनं गेलंच.

विक्रेता म्हणतो सर्व्हिसिंग झालंय. काय विचारायचं?

‘पूर्ण खोललं होतं का?’ एवढा एकच प्रश्न नीट विचारा. पुष्कळ ठिकाणी मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुडवून झटकतात आणि वरून तेलाचे थेंब सोडतात. घड्याळ लगेच छान चालतं. पण जुन्या तेलाचा चिकटा खड्यांच्या खाचांतच राहतो, नवं तेल पसरून हेअरस्प्रिंगपर्यंत जातं आणि वर्षभरात घड्याळ पुन्हा बंद पडतं.

नीट कामात प्रत्येक चाक सुटं होतं, अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतलं जातं, प्रत्येक खड्याचं भोक लाकडाच्या टोकदार काडीने पुसलं जातं. बॅरल (मेनस्प्रिंगची डबी) उघडून मेनस्प्रिंग तपासतात, थकली असेल तर बदलतात. तेलंही एकाच प्रकारचं चालत नाही. जलद फिरणाऱ्या बॅलन्सला पातळ तेल, जोर सोसणाऱ्या मधल्या चाकाला घट्ट तेल, चावीच्या भागांना ग्रीस, आणि पॅलेटच्या टोकांना तेल अजिबात नाही. ही यादी घड्याळजीला पाठ असते. तो उत्तर देताना अडखळला, तर काम दुसऱ्याकडे द्या. बदललेले जुने भाग परत मागा आणि बिलावर तारीख घ्या. पुढचं सर्व्हिसिंग चार-पाच वर्षांनी.

पावसात घालू का?

नको. जुन्या घड्याळाची रबरी रिंग कडक होऊन तडकलेली असते, काहींत ती मुळातच नसते. पाणी चावीच्या दांड्यातून आत शिरतं. काचेच्या आत धुकं दिसलं तर चावी बाहेर ओढून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. गंज लागायला दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात घड्याळं बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

चावी जास्त दिली तर घड्याळ बिघडतं का?

चावी भरली की बोटाला स्पष्ट अडवणूक जाणवते, तिथे थांबा. साधारण २५ ते ३० वेढे. ‘जास्त चावी देऊन बंद पडलं’ असं म्हणून आलेल्या घड्याळात खरं कारण सुकलेलं तेल असतं: स्प्रिंग पूर्ण भरलेली आहे, पण जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचत नाही. रोज सकाळी एकाच वेळी, घड्याळ मनगटावरून काढून चावी द्या. मनगटावर असताना दिली तर दांड्यावर तिरका ताण येतो.

वार-तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख हाताने बदलू नका. त्या वेळात चाकांचे दात तारखेच्या चकतीत अडकलेले असतात आणि मोडतात.

चांगलं चालणारं घड्याळ अचानक तासाला मिनिटभर पुढे धावतंय.

चुंबकत्व. फोनच्या कव्हरमधलं किंवा पर्सच्या कडीतलं चुंबक, नाहीतर स्पीकर. हेअरस्प्रिंगचे वेढे चिकटतात, तिची लांबी कमी पडते आणि झोका जलद होतो. घड्याळ होकायंत्राजवळ न्या, सुई हलली तर निदान पक्कं. चुंबकत्व काढायचं यंत्र काही सेकंदांत काम करतं. त्यासाठी सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका.

जुन्या काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग धोकादायक आहे का?

१९६० च्या आधीच्या घड्याळांत तो रेडियमचा असू शकतो. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असं नाही. चमकणारा पदार्थ थकतो, रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षं आहे. पाठ न उघडता घड्याळ संग्रहात ठेवायला हरकत नाही, पण ते घरी उघडू नका, रंग खरवडू नका, आणि भुगा होणाऱ्या तबकडीचं घड्याळ रोज घालू नका. ती धूळ श्वासातून जाणं हा खरा धोका. घड्याळजीला आधीच सांगून ठेवा.

आजोबांच्या घड्याळाची तबकडी डागाळली आहे. नवी रंगवून घेऊ का?

कृपया नको. रंगकामात जुनं सगळं खरवडून काढतात, ते परत आणता येत नाही. मशीन स्वच्छ करून घ्या, नवी अॅक्रिलिक काच बसवा. डाग त्या एका काचेने निम्मे कमी वाटतात, कारण धूसरपणा बहुधा काचेचाच असतो. तरीही चालत नसेल तर त्याच मॉडेलची दुसरी मूळ तबकडी शोधा आणि आजोबांची कागदात गुंडाळून जपून ठेवा.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात घेऊ का?

सुट्या भागांच्या भावाने मिळत असेल तर जरूर. चालू घड्याळाच्या भावाने नको. तिथे परत करायची सोय नाही, आणि चोरीच्या मालाची शंका असेल तर हात लावू नका.

ऑनलाइन व्यवहारात काय सांभाळायचं?

बिलावर मॉडेल, मशीनचा क्रमांक, ‘तबकडी मूळ’ किंवा ‘तबकडी रंगवलेली’ आणि परतीची मुदत हे चार शब्द लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर लिहिलेलंही जपा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. दुकानाकडून घेतलेल्या मालाबाबत फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. खाजगी माणसाकडून घेतलं असेल तर ते संरक्षण मिळत नाही, म्हणून तिथे हातात घेऊनच पैसे द्या.

परदेशातून मागवत असाल तर घोषित किमतीवर आयात शुल्क आणि कुरियरचा आकार वेगळा पडतो. तो धरूनच भाव करा.

पट्टा कोणता?

शिंगांमधलं अंतर मोजा. जनता आणि पायलटला बहुधा १८ मिलिमीटरचा लागतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात नायलॉनचा, थंडीत चामड्याचा. पट्टा बदलताना जुन्या स्प्रिंगच्या काड्या फेकून नव्या घाला. गंजलेली काडी तुटली की घड्याळ फरशीवर पडतं, आणि बॅलन्सचा दांडा मोडतो.